एक कार्य अपूर्ण आहे

"अगं, यांचा प्रिंटर परत चालू झाला," आई फोनवर म्हणाली.

मी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या ऑफिसात, नुकताच डबा उघडून बसलेले. बाबांना जाऊन वर्ष होत आलेलं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमचं घर आहे, तिथे आई एकटी राहत होती. बाबांची खोली, त्यातला त्यांचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर, सगळं होतं तसंच ठेवलेलं.

"कोणी चालू केला?"

"तेच तर तुला विचारतेय. मी बाहेर भाजी निवडत होते. आत आधी खरखर झालं, मग कागद आला."

"काय आहे कागदावर?"

"वर एक ओळ. कुठल्या भाषेतली देव जाणे. खाली सगळा कोरा."

मी आईला धीर दिला. माझी धीर द्यायची पद्धत म्हणजे समोरच्याला कळणार नाहीत असे शब्द भराभर बोलायचे. ड्रायव्हर म्हणाले, केबल म्हणाले, व्होल्टेजसुद्धा म्हणाले. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. आणि ते कार्याचं?"

मी उघडलेला डबा तसाच झाकून ठेवला.

हे कार्याचं काय ते सांगायला हवं. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कसलासा व्हायरस शिरला आणि त्यांनी जमवलेले सगळे फोटो खाऊन गेला. त्या रागात त्यांनी जुनी सिस्टीम पुसून टाकली आणि लिनक्स बसवलं. तेवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले. त्यांनी सगळा कॉम्प्युटर मराठीत केला. "आपल्या घरात राहतो, आपल्या विजेवर चालतो, मग बोलू दे की मराठी," असं त्यांचं म्हणणं. कुणी सज्जनांनी आपापल्या फावल्या वेळात त्या सिस्टीमचं मराठी केलेलं. आणि त्यात प्रिंटरला छापायला दिलेल्या कामाला त्यांनी शब्द वापरलेला, कार्य. एखादं पान छापायचं राहिलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटी पाटी यायची, 'एक कार्य अपूर्ण आहे.'

बाबा असताना आम्ही त्यावर खूप हसलोय. "कुणाचं लग्न राहिलंय हो बाबा?" मी विचारायचे. "तुझ्या आत्याला बोलवायचं राहिलंय, म्हणून खोळंबलंय," बाबा म्हणायचे. कल्याणची आत्या, बाबांची धाकटी बहीण, कुठल्याही कार्यात मानपानावरून एकदा रुसल्याशिवाय जेवत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.

पण कार्य म्हणजे फक्त लग्नमुंज नव्हे. माणूस गेल्यावर दहाव्या-बाराव्याला जे करतात तेही कार्यच. आणि ते आम्ही केलं नव्हतं. बाबांनी देहदानाचं सांगून ठेवलेलं आणि मला समोर बसवून शब्द घेतलेला, "माझ्यामागे दिवस-कार्य काही नको. वर्षश्राद्धही नको. उगाच कुणाच्या तरी तोंडाला घाबरून करशील." मी शब्द दिला. आईने शेजारी बसून मान हलवली. आई मान हलवते तेव्हा तिचा होकार असतोच असं नाही, हे आम्हा बापलेकींना कधीच कळलं नाही.

बाबा गेल्यावर आत्या आली, आणि निघताना जिन्यात आईला म्हणाली, "वहिनी, दादाला आपण नुसतं पोचवलं. निरोप कुठे दिला?"

ते वाक्य आईच्या घरात राहून गेलं.

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की आई बाबांच्या खोलीत जाऊन त्यांचा कॉम्प्युटर चालू करायची. वापरायला नाही, तिला माउस हातात धरायचीही भीती. आतला पंखा घरघरायला लागला की खोलीत कुणीतरी आहेसं वाटतं, म्हणायची. तास-दोन तास चालू ठेवायची आणि बाबांनी शिकवलेलं तेवढं एक बटण दाबून बंद करायची. आणि रोज, स्क्रीन उजळली की कोपऱ्यात पाटी यायची. एक कार्य अपूर्ण आहे. आईने ती किती संध्याकाळी उभ्याने वाचली असेल कोण जाणे. मला बोलली नाही. मी हसेन असं तिला वाटलं. बरोबरच वाटलं.

मग दुपारीही ती तो चालू ठेवायला लागली आणि प्रिंटरमधून आपोआप कागद यायला लागले, तेव्हा ती आत्याला बोलली. आत्याने कल्याणहूनच निदान केलं, "अजून काय पाहिजे तुला वहिनी? लेखी सांगतोय तो. अडकलाय." पाठोपाठ तिने वर्षश्राद्धासाठी तिकडचे गुरुजीही बघून ठेवले. त्यांना आता हो की नाही ते कळवायचं होतं. आईला हो म्हणायचं होतं आणि बाबांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता. म्हणून ते माझ्या गळ्यात आलेलं.

"तू एकदा येऊन बघ," आई फोनवर म्हणाली. "तू म्हणालीस काही नाही, तर नाही. पण बघून सांग. तिकडून नको सांगू."

शनिवारी निघाले तेव्हा नवरा म्हणाला, "खरंच तुझे बाबा असले तर वाय-फायचा पासवर्ड तेवढा विचारून ये. लिहून ठेवलेला नाही कुठे." मी हसले. पण डोंबिवलीला उतरून घराकडे चालताना लक्षात आलं की मी हळू चालतेय. मला लिनक्स येतं ते मला स्वयंपाक येतो तेवढंच. करता येतं, दुसऱ्याने खाण्याची खात्री देता येत नाही. हळू चालण्याचं मी स्वतःला तेच कारण दिलं.

आत्या आधीच येऊन बसलेली. आईने देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून कागद काढले. ते कागद तिने देवाजवळ ठेवलेले. प्रत्येक पानावर डोक्याशी एक ओळ, अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळी एकाला एक चिकटलेली. खाली पान रिकामं.

"हे बघ," आत्याने बोट ठेवलं. "हा ओंकार. प्रत्येक पानावर आहे."

मी चष्मा लावला. तो ईमेलच्या पत्त्यात असतो तो वेटोळ्याचा ॲट होता.

"आत्या, हा ॲट आहे."

"तुला ॲट दिसतो, मला ओंकार दिसतो. ज्याचा त्याचा भाव," आत्या म्हणाली. यावर लिनक्समध्ये काही उपाय नाही.

मी बाबांच्या खुर्चीत बसले. ती अजून त्यांच्या उंचीला लावलेली, माझे पाय जमिनीला टेकेनात. कॉम्प्युटर सुरू झाला, कोपऱ्यात पाटी आली. आत्याने हात जोडले. आई जोडता जोडता थांबली, माझ्याकडे बघून.

"हे बघा," मी सांगायला लागले, "कॉम्प्युटरला दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. बाहेरचं कुणी आत यायचं तर त्यातून. कुठली दारं उघडी आहेत ते आधी बघते."

"यांनी दार कधी लावलं?" आई म्हणाली. "संडासाला जातानाही पुढचं दार सताड उघडं."

एक आदेश दिला की उघडी दारं दिसतात. बरीचशी आतल्या आत होती, कॉम्प्युटरची स्वतःशी बोलायची. सगळ्या जगाला उघडी अशी दोनच. त्यातलं एक छपाईचं. बाबांनी प्रिंटर बिल्डिंगसाठी खुला ठेवलेला. वाय-फायचा पासवर्ड जिन्यात भेटेल त्याला द्यायचे, आणि म्हणायचे, लागलं तर काढत जा, लाजू नका. म्हणजे कुणीही घरात पाऊल न टाकता त्यांच्या खोलीत कागद काढू शकत होतं.

दुसरं दार बघून मात्र मी बघतच राहिले. ते माझं होतं.

बाबांना काही अडलं की मी ठाण्याच्या घरातून त्या दाराने त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचे. इकडे बाबा हात मांडीवर ठेवून बसायचे आणि त्यांच्यासमोर बाण आपोआप हलायचा, खिडक्या उघडायच्या, मिटायच्या. "भुतासारखी वावरतेस," म्हणायचे. काम चालू असताना मध्येच कोरं पान उघडून त्यावर टाइप करायचे, जेवलीस का? मी तिकडून त्याच्याखाली टाइप करायचे, हो. ते लिहायचे, काय? मी लिहायचे, भेंडी. फोन शेजारी पडलेला असायचा दोघांच्याही. पण आमचं असंच.

तेवढ्यात प्रिंटर चालू झाला.

खरं सांगते, मला सगळं ठाऊक होतं. उघडं दार मी आताच डोळ्यांनी बघितलेलं. तरी त्या यंत्राने माझ्या कोपराशी पहिल्यांदा खरखर केली तेव्हा मी बाबांच्या खुर्चीतून उडाले. आईने माझा दंड धरला. आत्या मोठ्याने रामनाम घ्यायला लागली. कागद सावकाश आला, एक ओळ, खाली कोरा. पाठोपाठ दुसरा. मग तिसरा.

आणि आमच्या उघड्या दारातून, समोरच्या ब्लॉकमधून आवाज आला, "अरे मेल्या, सेव्ह हो ना एकदाचा!"

आत्याचं रामनाम थांबलं.

समोरच्या घरातली सून घरून ऑफिसचं काम करते. मी गेले तर ती लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसलेली.

"काय झालं गं?"

"बघा ना ताई, पीडीएफ करून सेव्ह करायचंय. प्रिंट दाबते, पुढे काहीच होत नाही. फाइल सापडतच नाही कुठे. रोजचं आहे हे."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. पीडीएफ करायचं तिथे तिच्या लॅपटॉपने बाबांचा प्रिंटर निवडून ठेवलेला. बाबांनीच कधीतरी जोडून दिलेला. मध्ये ऑफिसने तिच्या लॅपटॉपवर काय काय बदललं, तेव्हापासून दोन्ही यंत्रांची भाषा जुळेना. म्हणून पानभर मजकुराऐवजी ती एक ओळ.

"तुझे कागद आमच्याकडे येतायत," मी म्हटलं.

तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मी तर काका गेल्यापासून एकदाही प्रिंट काढली नाही हो. काकू एकट्या असतात, बरं दिसत नाही. काकूंना त्रास झाला का?"

"नाही, तसा काही नाही," मी म्हटलं.

मी विजयी मुद्रेने परत आले आणि सगळं समजावून सांगितलं. आत्या खट्टू झाली. "म्हणजे ओंकार नव्हता?"

"नव्हता."

"समोरचीच होती?"

"समोरचीच."

आई पलंगाच्या कडेला बसली. तिचा चेहरा मोकळा होईल असं मला वाटलेलं. तो मिटला.

"म्हणजे हे नव्हतेच," ती म्हणाली.

"आई, तू घाबरत होतीस ना?"

"घाबरत होतेच. पण कुणीतरी आहे म्हणून घाबरत होते ना."

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण एकदा हातात काम घेतलं की मला समोरचं माणूस दिसत नाही; हे बाबांकडून आलंय. मी दारं लावायला घेतली. आणि पहिल्याच फटक्याला, उत्साहाच्या भरात, छपाईची अख्खी व्यवस्थाच बंद केली. प्रिंटरने एक उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि त्याचा दिवा गेला.

"काय केलंस?" आई उठलीच. "मेला का तो?"

"नाही नाही, चुकून झालं, थांब."

परत सुरू केलं. यावेळी नीट. छपाईचं दार फक्त या कॉम्प्युटरपुरतं ठेवलं, बाहेरच्यांना बंद. समोरच्या सुनेच्या यादीतून आमचा प्रिंटर गेला, तिला तिची पीडीएफ मिळाली, तिकडून "झालं हो ताई!" अशी हाक आली. मग माझं दार राहिलं. ते उघडं ठेवण्यात आता काही अर्थ नव्हता. तिकडून मी आले असते तरी इकडे मांडीवर हात ठेवून बसणारं कुणी नव्हतं. बंद करायच्या आदेशाची ओळ लिहून झाली आणि बराच वेळ मी ती नुसती वाचत बसले. मग एंटर दाबलं. आवाज काहीच होत नाही. कडी घातल्याचा तरी होतो.

आता उरली ती पाटी.

ती उघडली तेव्हा गुंता कळला. प्रिंटर एकच, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन रांगा होत्या. एक नवी, चालती, जिच्यातून समोरचे कागद येत होते. एक जुनी, कधीची थांबलेली. त्या थांबलेल्या रांगेत एकच काम उभं होतं, बाबांच्या नावाने. हॉस्पिटलात जायच्या आधी त्यांचं प्रिंटरशी काहीतरी चाललेलं, ते तसंच राहिलेलं.

दुपारभर दोघींना विज्ञान शिकवणारी मी, बाबांनी आपल्यासाठी काहीतरी लिहून ठेवलंय या कल्पनेने त्या कामाचं नाव वाचायला चष्मा पुसत होते. नाव होतं, चाचणी पृष्ठ.

"काय आहे गं?" आईने विचारलं.

"काही नाही. प्रिंटर नीट चालतो की नाही ते बघायला एक पान काढतात. चार रंगांचे पट्टे, रेघा. तेवढंच."

"यांनी सांगितलेलं?"

"हो. ते निघायचं राहिलं. रद्द करू?"

"कार्य कुणी रद्द करतं का!" आत्या कडाडली.

"मग पुन्हा पाठवते. रांग सुरू केली की लगेच निघेल पान."

"हां, तसं कर," आत्या म्हणाली. "पूर्ण कर बाई. वहिनी, होऊन जाऊ दे एकदाचं. तुझ्या जिवाला शांतता."

मी बाण बटणावर नेला. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"पान आलं की मग?"

"मग झालं. पाटी जाईल."

"परत नाही येणार?"

"नाही येणार."

"उद्या लावला तरी?"

"नाही, आई. पूर्ण झालं की संपलं."

मला तिचा श्वास मानेवर जाणवत होता. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. माउसला कधी न शिवणारी माझी आई, तिने माझ्या हातासकट तो माउस बाजूला ओढला.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं वहिनी!" आत्याला कळेना. "वर्षभर तूच झुरत होतीस ना अपूर्ण आहे, अपूर्ण आहे म्हणून?"

"झुरत होते. मला वाटायचं, आपण केलं नाही म्हणून हे अडकलेत." आई स्क्रीनकडे बघत बोलत होती. "आता ही म्हणते, पूर्ण झालं की संपलं. मला ते नको आहे, वन्सं. गुरुजींना पण नाही म्हणून कळवा. नंतर कधी वाटलं तर मी स्वतः सांगेन."

आत्या भांडेल म्हणून मी तयारीत होते. पण ती "कसली माणसं आहात तुम्ही," एवढंच पुटपुटली, पदराने नाक पुसलं, आणि मग खुर्चीजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादाचं नाव कुठे आलंय म्हणालीस?"

मी दाखवलं. तिने स्क्रीनवर त्या नावाला बोट लावलं. आईने तिला हटकलं नाही, एरवी बाबांच्या स्क्रीनला बोट लावलेलं तिला खपत नाही.

कामाच्या नावावर मी परत एकदा बाण नेला तेव्हा पर्यायांत रद्द करा आणि पुन्हा पाठवा यांच्या खाली आणखी एक दिसला, रोखून ठेवा. इतकी वर्षं प्रिंटरशी मारामारी करतेय, कधी वापरायची वेळ आली नव्हती. तो निवडला. पाटी गेली, आणि तिच्या जागी दुसरी आली.

आईने एकेक अक्षर लावत वाचली. "कार्य रोखून ठेवले आहे." परत एकदा वाचली. "हे बरंय," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

चहा झाला. आत्याने साखर कमी पडल्याचं सांगितलं, म्हणजे ती सावरली. समोरची सून बशीभर चकल्या देऊन गेली आणि तीनदा सॉरी म्हणाली. कशाबद्दल ते तिला कुणी सांगितलं नाही. ऊन उतरलं तशी मी निघाले. चप्पल घातली, पर्स खांद्याला लावली.

"येते गं आई."

"नीट जा. पोचलीस की फोन कर." मग माझ्याकडे बघत, मी शाळेत जायचे तेव्हा विचारायची त्याच आवाजात, "आणि बाबांना सांगितलंस?"

मी आत्याकडे बघितलं. आत्या चकली खात होती. तिच्या चेहऱ्यावर मदतीचं चिन्ह नव्हतं.

ज्या बाईने त्याच दुपारी दोघींना दारं, रांगा, ड्रायव्हर समजावले, ती चप्पल काढून परत आत गेली. खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. बराच वेळ कुणी हात न लावल्यामुळे स्क्रीन काळी झालेली. तिच्यात मीच दिसत होते, पर्ससकट.

"येते, बाबा," मी म्हटलं.

आणि उत्तरासाठी थांबले.